अप्पा टीव्हीवर आले

राजूबाईंनी टीव्हीला हात जोडले होते. शिवराज कॉलेजातून आला तेव्हा आई खाली फरशीवर, पडद्यापासून हातभर अंतरावर बसलेली. गुडघ्यांपायी दोन वर्षांत ती जमिनीवर बसली नव्हती. आता कशी बसली आणि तिला उठवायचं कसं, हाच विचार त्याच्या मनात आधी आला. पडद्यावर धुरात कसली तरी गर्दी नाचत होती, खाली लाल पट्टीवरून पांढरी अक्षरं पळत होती. आवाज बंद होता. तो नेहमीच बंद असे. राजूबाईंना ऐकू कमी यायचं, आणि जेवढं यायचं तेवढीही कटकट वाटायची, म्हणून त्या टीव्ही नुसताच बघायच्या, खिडकीतून रस्ता बघावा तसा. "शिवा, लौकर ये," त्या मान न वळवता म्हणाल्या, "तुझे अप्पा आलेत." सहा वर्षांपूर्वी वारलेला माणूस आला म्हणताना त्यांचा आवाज जराही कापला नाही. शिवराजनं बघितलं. धुरातून एक म्हातारा पुढं येत होता, हातात हिरव्या कापडानं मढवलेला उंच पंजा, डोळे तांबारलेले, तोंड आ वासलेलं. चित्र तिथं थांबलं आणि म्हाताऱ्याच्या डोक्याभोवती एक लाल वर्तुळ फिरलं. मागं त्याला कमरेला धरून एक दाढीवाला तरुण होता. त्याच्याभोवती दुसरं वर्तुळ. खाली हिंदीत मोठ्या अक्षरांत प्रश्न: तुमच्या शेजारी कोण राहतं? "बघ, देवाच्या फोटोत असतंय न्हव डोस्क्यामागं, तसं केलंय," राजूबाई म्हणाल्या. "मोठं पुण्य केलतं ह्यांनी." हे चित्र शिवराजनं आदल्याच दिवशी पाहिलं होतं.

म्हणजे पाहिलं नव्हतं, असं तो पुढं चार दिवस स्वतःला सांगत राहिला. संस्थेच्या अध्यक्षांनी सकाळी अकराला फोनवर पाठवलेली क्लिप, दोन तासांच्या मधली दहा मिनिटांची सुट्टी, हातात हजेरीपट. जिल्ह्यातल्या खासगी शाळा-कॉलेजांच्या मुख्याध्यापकांचा एक ग्रुप होता, दोनशेवर माणसं, आणि संस्थेतर्फे शिवराज त्याचा सचिव. त्यानं क्लिप तिथं ढकलली आणि वर कानडीत एक ओळ टाकली, सर्व संस्थाचालकांनी दखल घ्यावी. दखल घ्यावी, हे तो दिवसातून चार वेळा लिहायचा; परीक्षेच्या तारखा, पोलिओचा डोस, शाळेच्या बसचं पासिंग, सगळ्याची दखल सगळ्यांनी घ्यायची असते. न बघता पुढं पाठवलं, एवढीच चूक, आणि अशी चूक कोण करत नाही? पण मन खोदत खोदत गेलं की खाली दुसरंच काही लागायचं. क्लिप त्यानं उघडली नव्हती, पण ते थांबलेलं चित्र त्याच्या डोळ्यांपुढं आलं होतं. वर्तुळातलं तोंड त्यानं बघितलं होतं. आणि त्याच्या मनात आलं होतं, काय भयानक तोंड आहे. नुसतं आलं नव्हतं, पाठीवरून काटा गेला होता. आईला मोतीबिंदू, एका डोळ्यानं धूसर दिसतं, तिनं नवऱ्याला धुरातून ओळखलं. आणि चष्मा लावून बसलेल्या मुलानं बापाचं तोंड बघितलं आणि तो भ्याला.

अप्पांचं तोंड उघडंच असायचं. लहानपणापासून त्यांचं नाक बंद, श्वास तोंडानं. नांगर धरला तरी तोंड उघडं, झोपले तरी उघडं, फोटो काढताना राजूबाई ओरडायच्या, "मिटा की हो," आणि ते मिटायचे आणि फोटो निघेपर्यंत पुन्हा उघडायचे. मोहरममध्ये तर विचारायलाच नको. मुडबीत, त्यांच्या गावात, पिराची सवारी, म्हणजे तो पंजा, पहिल्यांदा उचलायचा मान गुंडेरावांच्या, म्हणजे अप्पांच्या घराचा. कधीपासूनचा, कुणाला ठाऊक नाही. गावात मुसलमानांची घरं चौदा, पण पीर साऱ्या गावाचा. पिराची सेवा लाडलेसाब नालबंदाकडं, पहिला हात गुंडेरावांचा. दहा दिवस गुंडेराव पलंगावर झोपायचे नाहीत, मटण तर सोडाच, चहासुद्धा घ्यायचे नाहीत. पिरासमोर खड्ड्यात अलावा पेटलेला असायचा, त्याचा धूर, उदाचा धूर, हलगीचा कल्लोळ, आणि तो जड पंजा कमरेच्या पट्ट्यात रोवून धरून साठीतला माणूस गावभर फिरायचा. श्वास पुरायचा नाही. तोंड वासलं जायचं ते हवेसाठी. लाडलेसाबचा रुकमोद्दीन मागून कमरेला धरायचा, कारण एके वर्षी ते पडता पडता वाचले होते. एवढंच त्या चित्रात होतं. एक दमलेला लिंगायत शेतकरी आणि त्याला सावरणारं शेजारचं पोरगं. गावातल्याच कुणीतरी आठ वर्षांपूर्वी काढून हौसेनं टाकलेला व्हिडिओ, तो चॅनेलवाल्यांनी कुठून तरी उचलला, अतिरेक्यांच्या बातमीला लावला आणि कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरात 'प्रतीकात्मक' लिहून मोकळे झाले.

"मला परत दाखव," राजूबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या. गुंडेरावांचे तीन फोटो होते, एक लग्नातला, एक रेशन कार्डावरचा, एक मेल्यावर मोठा करून घेतलेला. हलणारे, चालणारे गुंडेराव कुठंच नव्हते. शिवराजनं फोनचा आवाज पूर्ण बंद केला आणि क्लिप लावली. ती एवढुसा फोन दोन्ही हातांत धरून बघत होती. "हे बघ, डावा पाय ओढत चालायलेत. बैलानं तुडवलं होतं न्हव. रुक्म्या बी हाय. त्यानं धरलं म्हणून, न्हाईतर पडले असते." मग रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लावून झाला की ती यायची आणि हात पुढं करायची. शिवराज आवाज बंद करून द्यायचा. आवाजात काय आहे ते त्यानं एकदा बाथरूममध्ये जाऊन ऐकलं होतं; कुणीतरी ओरडून सांगत होतं की हे चेहरे नीट बघून ठेवा. आई बघून ठेवत होती. तिची बोटं काचेवरून फिरायची आणि चित्र थांबायचं, आणि ते नेमकं वर्तुळाशी थांबलं की तिला फार आनंद व्हायचा. "लाडलेसाबला फोन लाव," ती म्हणायची, "त्यांनी बघितलं का विचार. किती खुश होतील." शिवराज म्हणायचा, लावतो.

ज्योतीला, बायकोला, त्यानं सांगितलं तेव्हा ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले, मग पुन्हा चालू झाले. "ग्रुपवर काही लिहू नका," ती म्हणाली, "कॉलनीतल्या कुणाला ठावं न्हाई. उगं कशाला?" आणि थोड्या वेळानं, पाठमोरीच, "तुमी पाठवलं हे तर कुणालाच सांगू नका." यात तिचं चुकलं काय? कलबुर्गीत वीस वर्षं काढली, तीन खोल्यांचा फ्लॅट झाला, दारावर पाटी लागली, आणि हे सगळं करताना मुडबीचं जे जे जड होतं ते त्यानं वाटेत ठेवून दिलं होतं. पिराचा तो फकीर होता, हे कॉलेजात एकालाही माहीत नव्हतं. त्याच्याआधी राजूबाईंची दोन मुलं गेली, म्हणून त्यांनी पिराला नवस केला, आणि शिवराज पोटात टिकला. दर मोहरमला त्याच्या गळ्यात लाल-हिरवा धागा, अंगात हिरवा सदरा, आणि पाच घरी झोळी घेऊन भिक्षा. पाचवं घर लाडलेसाबचं. त्यांची बायको झोळीत मलिदा घालायची आणि त्याच्या गालांवरून हात उतरून कानशिलावर बोटं मोडायची. दहावीला हुमनाबादच्या होस्टेलला गेला त्या दिवशी एसटी स्टँडच्या मागं त्यानं ब्लेडनं धागा कापला. टाकवला नाही म्हणून खिशात ठेवला, आणि खिशातून तो कधी पडला तेही कळलं नाही. तेव्हा तर कुठलं चॅनेल नव्हतं, कसली भीती नव्हती. नुसती लाज होती.

भीती नंतर आली. ती कधी आली हे सांगता येत नाही, भिंतीला ओल येते तशी आली. कुठं स्फोट झाला, कुठं कुणाचा गळा चिरला, ते खरंच होतं, मेलेली माणसं खरी होती, त्यांच्या बायकांचं रडणं खरं होतं. ते बघून शिवराजचा जीव कळवळायचा. पण कळवळून झालं की मागं एक गाळ राहायचा, आणि तो गाळ दाढी बघितली, टोपी बघितली की ढवळायचा. एकदा बसमध्ये शेजारी एक पोरगा येऊन बसला, मांडीवर फुगलेली पिशवी, सारखा घड्याळ बघणारा. शिवराज उठला आणि दोन बाकं मागं जाऊन बसला. ऊन लागतंय, असं पुटपुटला. उन्हाची बाजू तर तीच होती. त्या पोरानं वळून बघितलं, आणि मग पूर्ण रस्ता पिशवी उघडी धरून बसला, सगळ्यांना आतलं दिसेल अशी. आत औषधं आणि कुणाचा तरी एक्स-रे होता. तेव्हा शिवराजला वाईट वाटलं होतं, फार वाईट वाटलं होतं, आणि त्याचा काडीचाही उपयोग झाला नव्हता. नाहीतर अप्पांच्या तोंडाला तो भ्याला असता का?

शुक्रवारी बसवकल्याणहून कल्लप्पांचा फोन आला. कल्लप्पा ग्रुपमधलेच, एका शाळेचे मुख्याध्यापक, स्वभावानं गोड. "सर, तुमच्या मेसेजचा फायदा झाला बघा," ते म्हणाले. "आमच्या शेजारच्या शाळेत व्हॅनवर त्याच व्हिडिओतला माणूस निघाला. दाढीवाला. पालकांनी गोंधळ घातला, बुधवारीच काढला त्याला. लेकरांचा प्रश्न हाय, रिस्क कामून घ्यायची?" शिवराज म्हणाला, हो. म्हणाला, बरोबर आहे. मग विचारलं, नाव काय त्याचं? नाव त्याला माहीत होतं. "मुडबीचा हाय म्हणे. रुकमोद्दीन का काय." फोन ठेवल्यावर तो स्टाफरूममध्ये बसून राहिला. ग्रुप उघडला. लिहिलं, लाल वर्तुळातला माणूस माझा बाप आहे. सहा शब्दांचं वाक्य, व्याकरणात चूक नाही. बघत बसला. हे गेलं की अध्यक्ष बोलावतील. संस्थेत पुढच्या वर्षी प्राचार्यपद रिकामं होणार होतं. कॉलनीत जिन्यावर माणसं थांबून बघतील. त्यानं एकेक अक्षर मागून पुसत आणलं, बापाचं आणि वर्तुळाचं, आणि पाटी कोरी झाली तेव्हा घंटा वाजली. शनिवारी लाडलेसाबचा फोन दोनदा वाजला. शिवराजनं तो उलटा ठेवला. थरथरत टेबलावरून पुढं सरकत होता. तिसऱ्यांदा वाजला नाही, आणि न वाजल्यानं त्याला जास्त त्रास झाला.

रविवारी सकाळी तो मुडबीला निघाला. आईला सांगितलं, कॉलेजचं काम आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तूर शेंगांनी वाकली होती, आणि अप्पा असते तर गाडी थांबवायला लावून एक शेंग सोलून दाणा दाताखाली धरला असता. गाडी चालवता चालवता तो मनाशी बोलणं जुळवत होता. चाचा, माझ्या हातून चूक झाली. चाचा, मी सगळं निस्तरतो. शाळेच्या मॅनेजरला भेटतो, ग्रुपवर लिहितो, चॅनेलला पत्र पाठवतो. म्हणता म्हणता ते त्यालाच खरं वाटू लागलं, आणि गावाची कमान आली तेव्हा तो जवळजवळ शूर झाला होता.

लाडलेसाब ओट्यावर बसले होते. बैलांना नाल ठोकणारा माणूस, आता गावात बैलच आठ-दहा उरलेले, म्हणून दिवसभर बसून. शिवराजला बघून ते भिंतीला धरून उठले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, मोठ्या माणसासमोर करावी तशी. "ये बाबा, शिवराज. ये." त्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "मीच येणार होतो कलबुर्गीला. फोन लावला, तू कामात असशील. कोणत्या तोंडानं बोलू बाबा तुझ्याशी? आमच्यामुळं अण्णाचं नाव खराब झालं." शिवराजला समजेना. "आमचं काय, आमाला सवय झाली. पण गुंडेराव अण्णा? मेलेल्या माणसाला असं दाखवलं त्यांनी. मुंगी मारली न्हाई त्या माणसानं. आमच्या पिराला हात लावला म्हणून हे ऐकायला लागलं त्याला, कबरीत गेल्यावर." लिंगायतांनाही पुरतातच, कबर म्हणाले तरी चूक काही नव्हतं. ते रडत होते. "राजक्काला कळलं का? तिला न्हाई ना सांगितलं? मी रुकमोद्दीनला म्हणालो, अण्णाच्या पोराचे पाय धर, माफी माग." शिवराजनं जुळवलेलं सगळं बोलणं तसंच राहिलं. तो म्हणाला, "चाचा, तो व्हिडिओ मी..."

"अब्बा," आतून आवाज आला, "चहा ठेवा की तुमच्या हातचा." रुकमोद्दीन दारात उभा होता. क्लिपमधल्यापेक्षा जाडावलेला, दाढीत एक-दोन पांढरे केस, अंगावर व्हॅनच्या ड्रायव्हरचा खाकी शर्ट अजून. रविवार होता आणि नोकरी नव्हती, तरी शर्ट तोच. लाडलेसाब डोळे पुसत आत गेले. रुकमोद्दीननं खुर्ची पुढं ठेवली, बसायच्या जागेवरून हात फिरवून धूळ पुसली. "बसा सर." लहानपणापासून तो शिवराजला अण्णा म्हणायचा. "अब्बाला नका सांगू," तो हळू म्हणाला. "तुमी पाठवलं ते."

"तुला ठाऊक हाय?"

"मॅनेजरनं फोनच पुढं धरला माझ्या. म्हणाला, ह्यो तूच न्हव? वर तुमचं नाव होतं. दखल घ्यावी." त्याचा आवाज चढला नव्हता. एखाद्या पालकाला व्हॅनची वेळ सांगावी तसा होता. "अब्बा अजून जुम्म्याला तुमच्या अप्पाच्या नावानं दुवा मागतात. त्यास्नी कशाला सांगू? मी म्हणालो, टीव्हीवाल्यांनी केलं."

"मी मुद्दाम न्हाई केलं, रुक्मा. बघितलंच न्हवतं मी." हेही खोटं. "मला ओळखू आलं न्हाई," तो म्हणाला, आणि हे खरं होतं, आणि बोलून झाल्यावर जास्तच वाईट ऐकू आलं.

रुकमोद्दीन जमिनीकडं बघत म्हणाला, "मला बी कुणी ओळखलं न्हाई. सात वर्षं लेकरं ने-आण केली. एक मुलगी रोज झोपायची व्हॅनमध्ये, तिला उचलून घरात द्यायचो. तिचाच बाप पुढं होता."

"मी लिहितो," शिवराज म्हणाला. त्यानं फोन काढला. "आत्ता, तुझ्यासमोर लिहितो. दोनशे लोकांत लिहितो, ह्यो माझा बाप हाय म्हणून. तुला परत घ्यायला लावतो."

रुकमोद्दीननं पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघितलं. "लिहायचं असतं तर तिथंच लिहिलं असतं सर. फोन तर तुमच्याजवळच होता. हितपर्यंत यायचं काय काम होतं?"

ओट्यावर ऊन आलं होतं, रस्त्यातून एक ट्रॅक्टर गेला, चालवणाऱ्यानं लाडलेसाबच्या घराकडं बघितलं आणि गाडीकडं बघितलं. खरंच, हितपर्यंत यायचं काय काम होतं? शिवराज मान खाली घालून अक्षरं दाबू लागला. लाल. वर्तुळातला. माणूस. या वेळी शब्द भराभर आले, कुणीतरी समोर बसून तपासतंय म्हणून आले. वाक्य पूर्ण झालं. पाठवायचं बटण तेवढं राहिलं होतं, हिरवं, अंगठ्याच्या खालीच. लाडलेसाब चहाचे कप घेऊन आले. "काय लिहायलास बाबा?" त्यांनी विचारलं, आणि शिवराजनं वाचून दाखवलं. ते चटकन पुढं वाकले, तसा चहा बशीत सांडला. कप खाली ठेवून त्यांनी आपला रुंद, नाल ठोकून ठोकून घट्टे पडलेला तळहात सरळ फोनवर ठेवला.

"नको," ते म्हणाले. "नको बाबा. तू कामाला जातोस, सूनबाई बाजाराला जाती. राजक्का दिवसा घरात एकलीच असती न्हव? कुणी दारात आलं तर तिला ऐकू बी येत न्हाई. आमचं व्हायचं ते झालं. तू नको लिहू. माझी शप्पथ हाय तुला."

शिवराजनं एकदाही ओढून घेतला नाही. फोन म्हाताऱ्याच्या हाताखालून हळूच काढला आणि खिशात ठेवला. आणि छातीत पाच दिवस आवळलेलं काहीतरी सुटलं. श्वास पार तळापर्यंत गेला. प्राचार्यपद, कॉलनीचा जिना, अध्यक्षांची खोली, सगळं जिथल्या तिथं राहिलं होतं, आणि त्याला हायसं वाटत होतं. इतकं हायसं, की ते चेहऱ्यावर येऊ नये म्हणून त्यानं घाईघाईनं कप तोंडाला लावला आणि जीभ पोळून घेतली. लाडलेसाब त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते. त्यांना वाटलं, पोराला बापाच्या आठवणीनं भरून आलंय.

रुकमोद्दीन बघत होता. त्यानं सगळं बघितलं होतं. पुढं वाकून त्यानं शिवराजची चहा सांडलेली बशी उचलली, आपल्या खाकी बाहीनं पुसली आणि परत त्याच्यापुढं ठेवली. "घ्या सर," तो म्हणाला, "बिस्कीट घ्या."